दहावीनंतर अकरावी सायन्स: पहिले चार महिने कसे सांभाळायचे

दहावीला ९० टक्क्यांच्या पुढे गेलेल्या मुलामुलींना अकरावीच्या पहिल्या चाचणीत २५ पैकी ९ किंवा १० गुण मिळणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तेवढ्यावरून ‘आपल्याला सायन्स झेपणार नाही’ असा निकाल लावला जातो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. अकरावीत तीन गोष्टी एकदम बदलतात: शिकण्याची भाषा, गणिताची साधनं आणि उत्तराकडून असलेली अपेक्षा. दहावीला ज्या पद्धतीने गुण मिळाले, तीच पद्धत पुढे चालू राहते आणि तिथे घोळ होतो. पद्धत वेळेत बदलली तर दिवाळीपर्यंत गाडी रुळावर येते.

दहावीच्या टक्क्यांबद्दल एक गोष्ट आधीच समजून घ्या. त्यात प्रत्येक विषयाचे २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि टक्केवारी सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांवर निघते. ती मेहनतीची कमाईच आहे, पण त्रिकोणमिती किंवा बीजगणित किती पक्कं आहे हे त्या आकड्यावरून कळत नाही.

हा लेख महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावी विज्ञान शाखेत नव्याने आलेल्यांसाठी आहे. धड्यांचे संदर्भ २०१९-२० पासून लागू झालेल्या बालभारतीच्या पुस्तकांचे आहेत. तुमच्या हातातली आवृत्ती वेगळी असेल तर अनुक्रमणिका एकदा ताडून पाहा.

हाताशी काय हवं

- बालभारतीची पाठ्यपुस्तकं. भौतिकशास्त्रात १४ धडे, रसायनशास्त्रात १६, जीवशास्त्रात १६ आणि गणिताच्या दोन भागांत मिळून १८. छापील प्रत मिळायला उशीर होत असेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत आहे. प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत थांबू नका.
- नववी आणि दहावीची गणिताची व विज्ञानाची पुस्तकं. निकालानंतर लगेच ती रद्दीत घालू नका, पहिले तीन महिने सतत लागतील.
- चार अंकी लॉग टेबल. मंडळाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं.
- दोन वेगळ्या वह्या: एक शब्दांची, एक चुकांची. त्यांचा उपयोग पुढे येतो.
- आलेख कागद, कंपास, कॉलेजने सांगितलेली जर्नल (प्रयोगांची वही).
- जेईई (अभियांत्रिकी) किंवा नीट (वैद्यकीय) ही प्रवेश परीक्षा द्यायची असेल तर एनसीईआरटीची अकरावीची पुस्तकं. हीसुद्धा संकेतस्थळावर मोफत मिळतात.

१. विषयांचा गट ठरवताना घाई नको

गणित सोडलं तर एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गट बंद होतो आणि अभियांत्रिकीची नेहमीची वाट हातची जाते. जीवशास्त्र सोडलं तर नीटचा प्रश्नच उरत नाही. चारही विषय घेतले तर दोन्ही दारं उघडी राहतात, पण आठवड्याचा भार खराच वाढतो. ‘अजून ठरलं नाही’ म्हणून चारही घेणं ठीक आहे. मात्र पहिल्या सत्राच्या शेवटी निर्णय घ्या. अकरावीला नसलेला विषय बारावीला सहजासहजी मिळत नाही, त्यामुळे सोडणं सोपं आणि नंतर जोडणं अवघड हे ध्यानात असू द्या.

बायफोकलचा विषय, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स वगैरे, २०० गुणांचा असतो आणि दोन विषयांची जागा घेतो. द्वितीय भाषेबरोबर आणखी कोणता विषय जातो हे अर्ज भरण्याआधी कॉलेजला विचारा. दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान हा १०० गुणांचा विषय घेता येतो, अर्थात तो त्या कॉलेजात असेल तर.

२. वर्ग सुरू होण्याआधी गणिताची डागडुजी

२०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. मार्चमध्ये दहावीची परीक्षा संपते आणि वर्ग नीट भरायला पावसाळा उजाडतो. मधला सगळा काळ सहसा वाया जातो. रोज एक तास दिला तरी तीन आठवड्यांत खालची तयारी होते.

बीजगणित: वर्गसमीकरण सूत्राने सोडवणं, घातांकांचे नियम (ऋण आणि अपूर्णांक घातांकांसह), समीकरणातून हवी ती राशी वेगळी काढणं. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. आकडे न घालता फक्त अक्षरांनी सूत्र फिरवता येत नसेल तर भौतिकशास्त्राचं प्रत्येक डेरिव्हेशन (सूत्राची पायरीपायरीने सिद्धता) पाठ करावं लागतं.

त्रिकोणमिती: दहावीत कोन ०° ते ९० अंशांत अडकलेले होते. अकरावीत ते कितीही मोठे होतात, ऋणही होतात आणि अंशांऐवजी रेडियनमध्ये येतात. १८०° म्हणजे पाय (π) रेडियन, त्यामुळे १ रेडियन म्हणजे सुमारे ५७.३°. कोणत्या चरणात कोणतं गुणोत्तर धन हे चार चरणांची आकृती काढून पक्कं करा. साइन १५०° म्हणजे १/२, पण कोसाइन १५०° म्हणजे उणे √३/२. पहिल्या चाचणीत या उणे चिन्हावर किती गुण जातात ते कोणत्याही गणिताच्या सरांना विचारा.

इथे आणखी एक ठरलेला सापळा आहे. दोन कोनांच्या बेरजेची साइन म्हणजे दोन्ही साइनची बेरीज नव्हे. ३०° आणि ६० अंश घ्या: ९०° ची साइन १ येते, तर दोन साइनची बेरीज १.३६६ येते. एखादं सूत्र बरोबर वाटतंय का, अशी शंका आली की ओळखीचे कोन घालून तपासायचं. ही सवय दोन वर्षं उपयोगी पडते.

आलेख: सरळ रेषेचा चढ काढता येणं, परवलयाचा आकार ओळखणं. वेग-काळ आलेखाचा चढ म्हणजे त्वरण आणि त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे.

३. मराठी माध्यमातून आला असाल तर शब्दांची वही आजच उघडा

अकरावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीत असतात, शिकवणं इंग्रजी-मराठी मिश्रित असतं आणि उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहायची असते. सेमी इंग्रजीच्या मुलांना हा भार कमी. पूर्ण मराठी माध्यमाच्या मुलांना पहिले सहा आठवडे जड जातात, आणि अडचण विज्ञानाची नसून शब्दांची असते हे त्यांना कोणी सांगत नाही. न्यूटनचे नियम, गुरुत्वाकर्षण, भिंगं, संयुजा हे सगळं तुम्ही आधी शिकलेले आहात. फक्त त्यांची नावं बदलली आहेत.

वहीत तीन रकाने करा: दहावीतला मराठी शब्द, इंग्रजी शब्द, आणि तो वापरून लिहिलेलं एक पूर्ण इंग्रजी वाक्य. चाल म्हणजे स्पीड, वेग म्हणजे व्हेलॉसिटी, त्वरण म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, वस्तुमान म्हणजे मास, क्षपण म्हणजे रिडक्शन. तिसरा रकाना टाळू नका. शब्द ओळखता येतो पण व्याख्या लिहिताना वाक्य बनत नाही, आणि गुण तिथेच जातात.

रोज १० ते १२ शब्द पुरेत. प्रत्येक धड्यात साधारण ३० ते ४० नवे शब्द निघतात, म्हणजे तीन-चार दिवसांत धडा हातात येतो. शिवाय प्रश्नांतली क्रियापदं वेगळी लिहा: डिफाइन, स्टेट, डिराइव्ह, डिस्टिंग्विश, जस्टिफाय. ‘स्टेट’ म्हटल्यावर नियम सांगून थांबायचं असतं. ‘डिराइव्ह’ म्हटल्यावर आकृती, गृहीतकं आणि सगळ्या पायऱ्या लागतात. तीन गुणांच्या प्रश्नाला पानभर इतिहास लिहून काहीही मिळत नाही.

वर्गात शंका मराठीतच विचारा. संकल्पना ज्या भाषेत पटते त्या भाषेत ती आधी पटू द्या. उत्तर लिहिण्याचा सराव तेवढा इंग्रजीत करा.

४. भौतिकशास्त्राला लागणारं कॅल्क्युलस स्वतःहून आधी शिका

अकरावीच्या रचनेतली सगळ्यांत मोठी अडचण इथे आहे, आणि तिची पूर्वकल्पना फार थोड्यांना दिली जाते. भौतिकशास्त्राचा दुसराच धडा सदिश (दिशा असलेल्या राशी) आणि कॅल्क्युलस (बदलाच्या दराचं गणित) यांच्या ओळखीचा आहे आणि तिसऱ्या धड्यापासून ते वापरायला सुरुवात होते. गणितात मात्र लिमिट आणि डिफरन्शिएशन (डेरिव्हेटिव्ह काढणं) दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी येतं. म्हणजे पहिल्या सत्रात लागणारी गोष्ट गणिताच्या तासाला वर्ष संपता संपता शिकवली जाते. मधले महिने मुलं डेरिव्हेशन डोळे मिटून पाठ करतात.

यावर उपाय छोटा आहे. भौतिकशास्त्रापुरतं एवढंच आधी शिका:

- डेरिव्हेटिव्ह म्हणजे बदलाचा दर, आलेखावर बघायचं तर त्या बिंदूपाशी असलेला चढ.
- एखाद्या राशीच्या घाताचा नियम: घात पुढे गुणायला येतो आणि घातातून एक वजा होतो. काळाच्या घनाचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे तीन गुणिले काळाचा वर्ग.
- साइनचा कोसाइन होतो, कोसाइनचा उणे साइन. कोन रेडियनमध्ये असेल तरच.
- इंटिग्रेशन म्हणजे उलट वाट, आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ.

एक उदाहरण करून बघा. विस्थापन = ५ × काळ + २ × काळ² (मीटर, सेकंद). वेग निघतो ५ + ४ × काळ, आणि त्वरण ४ मीटर प्रति सेकंद वर्ग. तिसऱ्या सेकंदाच्या शेवटी वेग १७ मीटर प्रति सेकंद. आता नववीतली गतीविषयक समीकरणं समोर ठेवा. त्यातलं विस्थापनाचं समीकरण हेच आहे, आरंभीचा वेग ५ आणि त्वरण ४ घालून. हे एकदा दिसलं की पाठांतर निम्म्याने कमी होतं. अशी २५-३० उदाहरणं आठवडाभरात होतात.

सदिशांसाठी घटक पाडता आले पाहिजेत. १० न्यूटनचं बल आडव्या दिशेशी ६०° कोन करून वस्तू आडवी ५ मीटर हलवतं, तर कार्य ५० नव्हे, २५ ज्यूल होतं. कारण हालचालीच्या दिशेने बलाचा अर्धाच घटक काम करतो. असे घटक हातोहात पाडता आले की प्रक्षेप्य गती (तिरक्या फेकलेल्या वस्तूची गती), उतरणीवरचा ठोकळा, कार्य, पुढे विद्युतक्षेत्र, सगळं त्याच्यावर उभं राहतं.

५. न्यूमेरिकल सोडवायची पद्धत बदला

दहावीत सूत्र आठवलं, आकडे घातले, उत्तर आलं. अकरावीत दोन-तीन सूत्रं एकत्र येतात आणि कोणती लागतील हे प्रश्नात लिहिलेलं नसतं. म्हणून ‘सूत्र पाठ आहे पण गणित सुटत नाही’ ही तक्रार इतकी ऐकू येते. क्रम असा ठेवा:

१. आकृती काढा. न आवडली तरी काढा.
२. दिलेल्या राशी एककांसह लिहा आणि सगळ्या एसआय एककांत आणा. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. व्यास दिला आहे की त्रिज्या, हे दोनदा वाचा.
३. दिशा ठरवा: वर धन की खाली धन. एकदा ठरली की शेवटपर्यंत तीच.
४. सूत्र अक्षरांत सोडवा, आकडे शेवटी घाला.
५. उत्तराला एकक लावा आणि ते शक्य आहे का ते बघा.

प्रक्षेप्य गतीचं उदाहरण घ्या: सेकंदाला २० मीटर वेग, जमिनीशी ३०° कोन, गुरुत्वत्वरण ९.८. उभा घटक १०, म्हणून हवेतला काळ २०/९.८, सुमारे २.०४ सेकंद. आडवा घटक १७.३२, म्हणून पल्ला सुमारे ३५.३ मीटर. यात चुका ठरलेल्या आहेत. कोन उभ्या रेषेशी दिला असताना आडव्याशी धरला जातो. किंवा जमिनीवर पडताना उभा वेग शून्य मानला जातो, जो फक्त सर्वोच्च बिंदूला शून्य असतो. किंवा अर्ध्या प्रवासाचा काळ पूर्ण म्हणून वापरला जातो.

एका उपघटकावर १२ ते १५ उदाहरणं करा, सोप्यापासून अवघडाकडे. अडलात तर २० मिनिटं झगडा, मगच उत्तराकडे बघा. उत्तर बघून समजलं म्हणजे गणित आलं असं नाही. डायजेस्ट बंद करून दोन दिवसांनी तेच उदाहरण कोऱ्या कागदावर सुटलं, तर आलं.

डेरिव्हेशनचंही तसंच. प्रत्येक पायरीशेजारी ‘हे का’ असं एका ओळीत लिहा. पृथ्वीपासून उंचीवर गुरुत्वत्वरण कमी होतं, त्याची दोन सूत्रं पुस्तकात आहेत: एक पूर्ण, आणि एक उंची त्रिज्येपेक्षा फारच कमी असताना वापरायचं संक्षिप्त रूप. उंची त्रिज्येइतकी घ्या. पूर्ण सूत्राने त्वरण पाव होतं. संक्षिप्त सूत्राने ते उणे येतं, म्हणजे वस्तू वर ओढली जाईल! गृहीतक न वाचता सूत्र पाठ केलं की असं होतं, आणि बहुपर्यायी प्रश्नांत नेमका हाच पर्याय ठेवलेला असतो.

६. लॉग टेबल पहिल्याच महिन्यात हातात बसवा

विषय बरोबर समजूनही आकडेमोडीत गुण घालवणं फार वाईट वाटतं. लॉगसाठी रोज पाच उदाहरणं, दोन आठवडे, एवढाच खर्च आहे. दहाचे घात वेगळे ठेवा, लॉग फक्त पुढच्या आकड्यांचे घ्या.

सोडिअमच्या पिवळ्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा काढताना ६.६३ × १०⁻³⁴ ला ३ × १०⁸ ने गुणून ५.८९ × १०⁻⁷ ने भागायचं असतं. आकड्यांचे लॉग: ०.८२१५ + ०.४७७१ − ०.७७०१ = ०.५२८५. अँटिलॉग ३.३७७. घात: −३४ + ८ + ७ = −१९. उत्तर ३.३७७ × १०⁻¹⁹ ज्यूल.

गोंधळ होतो तो ‘बार’पाशी, म्हणजे आकड्यावरच्या आडव्या रेघेपाशी. ०.०४५६ चा लॉग बार २.६५९० आहे. त्यात फक्त २ ऋण आहे, दशांश भाग धनच राहतो. त्याला उणे २.६५९० समजलात तर पुढचं सगळं चुकतं. वर्गमूळ काढताना बार विषम असेल, जसं बार ३.४, तर आधी त्याचं बार ४ + १.४ करा आणि मग दोनने भागा: बार २.७.

७. रसायनशास्त्रात पहिला धडा सोडून पुढे जाऊ नका

मोलची संकल्पना कच्ची राहिली तर रेडॉक्स (ऑक्सिडीकरण-क्षपण), समतोल, वायूंचे नियम यांतली सगळी गणितं अडतात. ८.८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड म्हणजे ०.२ मोल, म्हणजे १.२०४ × १०²³ रेणू, प्रमाण तापमान-दाबाला ४.४८ लिटर. ग्रॅम, मोल, रेणूसंख्या, आकारमान या चौघांत कुठूनही कुठेही न थांबता जाता आलं की धडा झाला असं समजा.

सेंद्रिय रसायन १४व्या धड्यापासून येतं आणि तेव्हा वर्ष संपत आलेलं असल्याने घाईत उरकलं जातं. बारावीचं सेंद्रिय त्यावरच उभं आहे. कॉलेजात मागे पडलं तरी नामकरण आणि इलेक्ट्रॉनची ढकलाढकली दिवाळीच्या सुट्टीत स्वतः सुरू करा. आवर्तसारणीच्या गटांचे धडे मात्र पाठांतराचेच आहेत, रोज थोडे वाचा.

८. जीवशास्त्र

अवघड कमी, अफाट जास्त. आकृत्या नावांसह रोज एक, आणि वाचनानंतर पुस्तक मिटून मुद्दे आठवून लिहिणं. नीटसाठी एनसीईआरटी ओळ न ओळ वाचावं लागतं, मंडळाचं पुस्तक एकटं पुरत नाही.

९. आठवड्याची मांडणी

कॉलेज आणि क्लास धरून दिवसाला स्वतःचे तीन ते साडेतीन तास उरतात असं समजून चला. त्यातला पहिला अर्धा तास त्याच दिवशी शिकवलेल्याची उजळणी. अकरावीत एक आठवडा मागे पडलं की पुढचा तास डोक्यावरून जातो, कारण धडे एकमेकांना धरून आहेत. उरलेल्या वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ पहिले चार महिने गणित आणि भौतिकशास्त्राच्या उदाहरणांना द्या. नुसतं वाचन अभ्यास झाल्याचं समाधान देतं, पण हात चालल्याशिवाय हे दोन विषय येत नाहीत.

रविवारी नवं काही घेऊ नका. त्या दिवशी मागच्या आठवड्यातली अडलेली उदाहरणं आणि चुकांची वही. रात्री सात तास झोप घ्या. पहाटे क्लास आणि रात्री जागरण असं केल्यावर वर्गातला पहिला तास फुकट जातो.

भाषा विषय वाऱ्यावर सोडू नका. बारावीचा निकाल ६०० पैकी लागतो आणि त्यात इंग्रजी धरलेलं असतं. आयआयटी, एनआयटीसाठी बारावीला खुल्या गटात ७५ टक्क्यांची अट आहे. तिथे भाषेचे गुण हात देतात.

१०. क्लास आणि प्रवेश परीक्षा

क्लास लावायचाच असेल तर एकच प्रश्न विचारा: शंका विचारायला वेळ कोणता, आणि कोणाकडे? उत्तर नीट मिळालं नाही तर तो क्लास तुमच्यासाठी नाही. छापील नोट्सचा ढीग म्हणजे अभ्यास नव्हे. दोन क्लास आणि तीन टेस्ट सिरीज एकदम लावल्या की स्वतः सोडवायला वेळच उरत नाही.

परीक्षांचं स्वरूप आधीच माहीत असू द्या. एमएचटी-सीईटी पीसीएम २०० गुणांची: भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे. चुकीला वजा गुण नाहीत. अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, तोही ठरावीक धड्यांतून. जेईई मेन ७५ प्रश्न, ३०० गुण. नीट १८० प्रश्न, ७२० गुण. दोन्हीत बरोबरला ४, चुकीला वजा १, आणि अकरावीचा अभ्यासक्रम पुरेपूर. ‘अकरावी म्हणजे आराम, खरा अभ्यास बारावीला’ हे ऐकू येईल. सीईटीपुरतंही ते खोटं आहे, कारण बारावीचा जवळजवळ प्रत्येक धडा अकरावीच्या कुठल्यातरी धड्यावर उभा आहे. जेईई आणि नीटसाठी तर तो सल्ला घातक आहे.

११. हजेरी आणि जर्नल

मंडळाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. क्लाससाठी कॉलेज पूर्ण सोडणारे सर्वांत जास्त गमावतात ते प्रयोगशाळेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र प्रत्येकी ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. व्हर्नियर, स्क्रूगेज, टायट्रेशन यांची सवय अकरावीतच लागते. जर्नल त्याच आठवड्यात लिहून सही घ्या. वर्षअखेरीस सगळ्या सह्या एकदम घ्यायला गेलात तर सबमिशनच्या रांगेत दिवस जातात आणि निरीक्षणं दुसऱ्याच्या जर्नलमधून उतरवावी लागतात.

१२. पहिल्या चाचणीचा पेपर हातात आल्यावर

गुणांकडे नंतर बघा. प्रत्येक चुकीला चारपैकी एक शिक्का लावा: संकल्पना कळली नाही, गणिती साधन कच्चं, आकडेमोड किंवा एकक चुकलं, वेळ पुरला नाही. चुकांच्या वहीत प्रश्न, तुमची चुकीची पायरी आणि बरोबर पायरी लिहा. बहुतेकांचे निम्म्याहून जास्त गुण दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाने गेलेले सापडतात. ही दोन्ही कारणं सरावाने महिनाभरात आटोक्यात येतात. पहिलंच कारण जास्त असेल तर तो धडा कोणाकडून तरी नव्याने समजून घ्या, नुसती जास्त उदाहरणं सोडवून उपयोग नाही.

पालकांनी या काळात दहावीच्या टक्क्यांशी तुलना करू नये, शेजारच्या मुलाशी तर अजिबात नको. मूल जेवत-झोपत नसेल, सतत रडू येत असेल, कॉलेजला जायचंच टाळत असेल तर अभ्यासाचं वेळापत्रक बाजूला ठेवून आधी समुपदेशकाशी किंवा डॉक्टरांशी बोला.

१३. शाखा बदलायची झाली तर, आणि काही कागदपत्रं

वर सांगितलेलं सगळं तीन महिने मनापासून करूनही विषयात जीव रमत नसेल, तर कॉमर्स किंवा आर्ट्सकडे जाणं हा सरळ, चांगला निर्णय आहे. फक्त तो लवकर घ्या. शाखाबदलाची मुदत आणि रिक्त जागा कॉलेज कार्यालयात विचारून ठेवा. पहिलं सत्र उलटलं की नव्या विषयांचा मागचा पोर्शन भरून काढणं फार जड जातं.

राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांनी अकरावीतच जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मार्गी लावावा. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेशावेळी ते लागतं आणि बारावीच्या निकालानंतर धावाधाव करून वेळेत मिळत नाही. अर्ज कॉलेजच्या शिफारशीसह जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो. अनुसूचित जमातींसाठी तपासणी समिती वेगळी आहे. सोबत लागणारी कागदपत्रं:

- विद्यार्थ्याचं जात प्रमाणपत्र
- विद्यार्थ्याचा शाळेचा दाखला किंवा बोनाफाइड
- वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला
- आजोबा किंवा त्यांच्या मागच्या पिढीचा जातीची नोंद असलेला जुना पुरावा
- वंशावळीचं शपथपत्र

जुना पुरावा शोधायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो. मूळ गावच्या शाळेतला निर्गम उतारा किंवा तहसीलमधली नोंद काढायची असेल तर ते काम दिवाळीच्या सुट्टीत, कार्यालयं उघडी असलेले दिवस बघून करा. नावांच्या स्पेलिंगमध्ये किंवा आडनावात फरक असेल तर त्याचं शपथपत्रही त्याच वेळी करून ठेवा.